शहराचे खेळणे, खेळण्याचे शहर

गेल्या दिवाळीच्या सुटीत धुळ्यातील आमच्या गल्लीचे एक छायाचित्र मी एका तीन मजली घराच्या गच्चीवरून काढले. खाली केळीची हातगाडी, दोन रिक्षा, एक सायकल आणि सणाच्या खरेदीला निघालेली पाच-पंचवीस माणसे होती. चित्राचा मधला आडवा पट्टा तेवढा मी स्पष्ट ठेवला. वरचा आणि खालचा भाग अंधुक करून टाकला, रंग थोडे भडक केले. एवढेच. छापून आणलेली प्रत हातगाडीवाल्या आप्पांना दाखविली तेव्हा ते मोठ्याने हसले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाई ते खेळनं शे रे भो!" खरोखरच तसे दिसत होते. रिक्षा प्लास्टिकच्या, केळी मेणाची, माणसे जत्रेतल्या बाहुल्यांएवढी, आणि सारी गल्ली जणू कोणी पुठ्ठ्यावर मांडून ठेवलेली. मग आप्पांनी चित्र जवळ धरून पाहिले, लांब धरून पाहिले आणि विचारले, "आन् मी कोठे शे यामा?"

ते मधोमध, अगदी स्पष्ट पट्ट्यात उभे होते.

त्या गच्चीवरून एरवीही मी छायाचित्रे काढली आहेत. त्यांत गल्ली कधी खेळण्यातली दिसली नाही. घरे तीच, माणसे तीच, उंचीही तीच. मग केवळ कडेचा भाग पुसट केल्याने सारे शहर तळहातावर मावेल असे का वाटावे? आप्पांच्या पहिल्या उद्गाराचे उत्तर प्रकाशशास्त्रात सापडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला बराच काळ सापडले नाही.

प्रथम डोळ्याकडे वळू. एक डोळा मिटून दुसऱ्यासमोर वीतभर अंतरावर पेन्सिल धरावी आणि तिच्या टोकाकडे पाहावे. मागची भिंत, कपाट, दिनदर्शिका, सारे विरघळल्यासारखे होते. आता खिडकीतून रस्त्यापलीकडचा विजेचा खांब पाहावा. खांब स्पष्ट, त्यामागचे लिंबाचे झाड स्पष्ट, आणखी मागची पाण्याची टाकीही स्पष्ट. जवळच्या वस्तूकडे पाहताना तिच्या मागचे-पुढचे धूसर होते, दूरच्या वस्तूकडे पाहताना होत नाही, हा अनुभव आपल्याला जन्मापासून घडत आलेला असतो. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याचा आपण कधी विचार करीत नाही. पण मन त्याचा मापपट्टीसारखा उपयोग करीत असते. मागेपुढे फार धूसर दिसले की मन निर्णय देते: वस्तू जवळ आहे. आणि जवळ असूनही ती एवढीशीच दिसते, तर ती लहानच असली पाहिजे.

कॅमेऱ्याचे भिंगही याच नियमाने चालते. स्पष्ट दिसणाऱ्या अंतराच्या या पट्ट्याला इंग्रजी पुस्तकांत 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आपण त्याला स्पष्टतेचा पल्ला म्हणू. हिशेब करून पाहिला म्हणजे मौज कळते. ३५ मिलिमीटर फिल्मचा साधा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे भिंग घ्या. छिद्र एफ ८ ठेवा. म्हणजे ५० भागिले ८, सव्वासहा मिलिमीटर व्यासाचे भोक. गच्चीवरून पंधरा मीटरवरच्या केळीच्या गाडीवर फोकस केला तर साधारण सहा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. छिद्र एफ २ इतके सताड उघडले, तरीही अकरा मीटरपासून तेवीस मीटरपर्यंतचा भाग स्पष्टच राहतो. बारा मीटरचा पल्ला! त्यात अर्धी गल्ली मावते.

आता त्याच गाडीची एक लाकडी प्रतिकृती टेबलावर ठेवा आणि तोच कॅमेरा साठ सेंटिमीटरवर आणा. छिद्र तेच एफ ८. स्पष्टतेचा पल्ला किती उरतो? सात सेंटिमीटर! गाडीचे पुढचे चाक स्पष्ट आले तर मागचे धूसर येणार. म्हणून खेळण्यांच्या जाहिरातींत, देखाव्यांच्या चित्रांत आपण नेहमी पुढे-मागे विरघळलेली छायाचित्रे पाहत आलो आहोत. आमच्या गल्लीच्या चित्रात मी हीच खूण उसनी आणली. पंधरा मीटरवरच्या देखाव्याला साठ सेंटिमीटरवरच्या देखाव्याचा धूसरपणा चढविला आणि पाहणाऱ्याच्या मनाने आपला ठरलेला निर्णय देऊन टाकला.

ही फसवणूक न करता, भिंगाच्या जोरावर खरोखर असे चित्र काढायचे म्हटले तर काय लागेल? पंधरा मीटर म्हणजे साठ सेंटिमीटरच्या पंचवीस पट. तेव्हा भिंगाचे भोकही पंचवीस पट हवे: सव्वासहा मिलिमीटरऐवजी सोळा सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या बशीएवढे. जळगावच्या महापालिकेच्या सतरा मजली इमारतीवरून खालचा रस्ता टिपायचा आणि तिरके अंतर साठ मीटर धरायचे, तर हे प्रमाण शंभर पट होते. भोक झाले बासष्ट सेंटिमीटरचे, चांगल्या परातीएवढे. असे भिंग कोणी गच्चीवर नेत नाही. पण असा डोळा असलेला कोणी असता तर त्याला जळगाव खरोखरच तसे दिसले असते. म्हणजे या चित्रांत शहर लहान झालेले नसते. पाहणारा प्रचंड झालेला असतो. कुंभकर्ण झोपेतून उठून नवीपेठेवर वाकून पाहू लागला तर त्याच्या बुबुळातून रिक्षा अशाच दिसतील. मला स्वतःला हा प्रकार कळला तो या हिशेबानंतर. तोवर मी यास केवळ मोबाईलमधली एक गंमत समजत होतो.

ज्या प्रकाराला आज जग शहरी छायाचित्रणातील नवी शैली म्हणते, त्याची बरोबर उलटी बाजू आपल्या खानदेशातच एका माणसाने आयुष्यभर सांभाळली. मोठ्याचे लहान करण्याऐवजी त्याने लहानाचे मोठे केले. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे ते गृहस्थ.

मूस हे पारशी. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात राहिले. राहिले म्हणजे जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत. त्यांची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती प्रेयसीच्या प्रतीक्षेची आणि पंजाब मेलची. गाडीची वेळ झाली की बंगल्याची दारे-खिडक्या उघडली जात, असे सांगतात. कथा सुंदर आहे आणि आमच्या महाविद्यालयातही ती पुनःपुन्हा ऐकू येते. पण एक तक्रार नोंदविल्याशिवाय राहवत नाही: या कथेने त्यांची छायाचित्रे झाकून टाकली आहेत. मूस कोणाची वाट पाहत होते हे ज्याला त्याला ठाऊक असते. ते टेबलावर काय करीत होते हे फारसे कोणी विचारीत नाही.

ते 'टेबल-टॉप' छायाचित्रे काढीत. टेबलावर छोट्या वस्तूंनी एखादा देखावा रचायचा आणि तो असा टिपायचा की पाहणाऱ्याला ते खरेखुरे, विस्तीर्ण दृश्य वाटावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील हौशी छायाचित्रकारांना या प्रकाराचा मोठा नाद होता. या कलेत मिठाचे किंवा पिठाचे बर्फ होते, आरशाचे तळे होते, वाळलेल्या काटकीचा वृक्ष होतो, कापसाचा ढग होतो. ज्याने घराबाहेर न पडण्याचे ठरविले आहे त्याच्यासाठी याहून योग्य कला कोणती असेल?

पण साहित्य जमविणे हा त्यातला सोपा भाग. खरी लढाई असते ती धूसरपणाशी. वर आपण पाहिले की साठ सेंटिमीटरवर एफ ८ ला सातच सेंटिमीटरचा पल्ला मिळतो. त्यात डोंगर, तळे आणि काठावरचा वाटसरू असे तिन्ही कसे मावणार? एक जरी धूसर झाले तरी मनाची मापपट्टी पुढे येते आणि सांगते: हे टेबल आहे. म्हणून छिद्र लहान करीत न्यावे लागते. एफ २२ ला पल्ला होतो सुमारे एकोणीस सेंटिमीटर, वीतभर म्हणा. सारा हिमालय त्या वितीत बसवायचा. छिद्र लहान केल्याने प्रकाश कमी पडतो, एफ ८ च्या मानाने आठव्या हिश्शापर्यंत खाली येतो. तेव्हा झडप तितकाच अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. टेबलावरचा वाटसरू हलत नाही म्हणून हे जमते. आमच्या गल्लीत कोण इतका वेळ स्थिर उभा राहणार?

शिवाय प्रकाश. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या सावल्यांच्या कडा रेखीव असतात आणि सगळ्या सावल्या एकाच दिशेने पडतात. टेबलाशेजारी मोठा दिवा ठेवला की सावल्या मऊ होतात व एकमेकींपासून फाकतात. लगेच खोली उघडी पडते. दिवा लहान हवा आणि शक्य तितका दूर हवा. आणि कॅमेऱ्याची उंची? तो वरून पाहू लागला की खेळ संपला. त्याला टेबलाच्या कडेशी, त्या बोटभर वाटसरूच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरावे लागते. टेबल-टॉप करणारा माणूस पाठ दुखेपर्यंत वाकतो तो यासाठी.

आता दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहा. खेळण्यासारखे शहर करणारा उंचावर चढतो, धूसरपणा वाढवितो, रंग भडक करतो. टेबलावर विश्व उभारणारा खाली वाकतो, धूसरपणा हद्दपार करतो, प्रकाश संयमाने घालतो. नियम एकच, एक जण त्याचा जिना उतरतो, दुसरा चढतो. चाळीसगावच्या बंगल्यात जे चालले होते ते समजले की मोबाईलमधली गंमतही अधिक समजते. आपल्या महाविद्यालयातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी तरी मूस यांच्याकडे विरही प्रियकर म्हणून न पाहता प्रमाणाचे उस्ताद म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

शहराला खेळणे करण्याची युक्ती कोणी योजून शोधलेली नाही. ती दुसऱ्याच कामासाठी निघालेल्या साधनातून हाती आली. थिओडोर शाइम्पफ्लुग नावाचा एक ऑस्ट्रियन अधिकारी बलूनमधून काढलेल्या छायाचित्रांवरून बिनचूक नकाशे बनविण्याच्या मागे होता. त्याने १९०४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीमागचा नियम आज त्याच्या नावाने ओळखला जातो, जरी त्याच्याआधी १९०१ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यानेही तो मांडला होता. नियम असा: साध्या कॅमेऱ्यात भिंग व फिल्म समांतर असतात, म्हणून स्पष्ट दिसणारी पातळीही त्यांना समांतर, भिंतीसारखी समोर उभी असते. भिंग जरा कलविले की ती अदृश्य भिंतही कलते. आणि फिल्मची पातळी, भिंगाची पातळी व स्पष्टतेची पातळी या तिन्ही, वहीची पाने शिवणीला मिळावीत तशा, एका रेषेत मिळतात.

याचा सरळ उपयोग स्पष्टता वाढविण्याचा. भिंग योग्य बाजूला कलविले तर ती भिंत जमिनीवर आडवी पडते आणि पायाशी असलेल्या फुलापासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व स्पष्ट येते. जुन्या स्टुडिओंतून जे भात्याचे लाकडी कॅमेरे असत त्यांतील कित्येकांत ही सोय होती. पण भिंग उलट्या बाजूला कलविले तर? मग ती भिंत रस्त्याला तुटकपणे कापते आणि एक अरुंद पट्टा तेवढा स्पष्ट राहून त्याच्या अलीकडचे व पलीकडचे झपाट्याने विरघळते. औषधाची ही अवळी मात्रा म्हणजेच खेळण्याचे शहर. १९७३ साली कॅनन कंपनीने ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी कलणारे आणि सरकणारे असे भिंग बाजारात आणले; इमारतींची व वस्तूंची छायाचित्रे काढणाऱ्या व्यावसायिकांसाठी ते होते. इटलीच्या ऑलिव्हो बार्बिएरी याने १९९९ च्या सुमारास असा निवडक फोकस शहरांवर वापरावयास प्रारंभ केला आणि पुढे हेलिकॉप्टरमधून अनेक महानगरे टिपली. जपानच्या नाओकी होंजो याचे 'स्मॉल प्लॅनेट' हे पुस्तक २००६ मध्ये निघाले व त्याला त्या देशातील मानाचा किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. तो मोठ्या फिल्मच्या, कलणाऱ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने काम करतो. त्यानंतर संगणकाने आणि मोबाईलने ही गोष्ट इतकी सोपी केली की तिची अपूर्वाई राहिली नाही.

डोळा खरोखरच असा फसतो का, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी तपासून पाहिले आहे. रॉबर्ट हेल्ड व त्याच्या सहकाऱ्यांचा तो निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शहरांची संगणकावरील दृश्ये कमी-अधिक धूसर करून लोकांना दाखविली असता त्यांचा अंतराविषयीचा अंदाज धूसरपणाबरोबर बदलत गेला. त्यांच्या निष्कर्षातील एक गोष्ट आपल्या कामाची आहे. धूसरपणा अंतराच्या हिशेबाने काटेकोर वाढविला नाही, नुसता चित्राच्या वरच्या व खालच्या कडेकडे क्रमाक्रमाने वाढवीत नेला, तरी परिणाम जवळपास तितकाच होतो. अट एवढीच की चित्रात अंतर वाढण्याची दिशा आणि धूसरपणा वाढण्याची दिशा एक असावी.

ही अट पाळली न गेल्याने आपल्याकडची निम्मी चित्रे फसतात. रस्ता सपाट असेल तर ठीक; चित्रात वर म्हणजे दूर, हे खरे ठरते. पण मध्येच एखादी उंच वस्तू उभी असेल तर? जळगावची ती सतरा मजली इमारतच चित्रात मधोमध आली असे समजा. तिचा पाया स्पष्ट पट्ट्यात आहे, शेंडा मात्र वरच्या धूसर भागात जातो. शेंडा काही पायापेक्षा फारसा दूर नसतो. मग तो विरघळला कसा? पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काही तरी खोटे आहे हे त्याला जाणवते. कललेल्या भिंगानेही हीच चूक होते, त्यामुळे मोबाईलला दोष देऊन भागणार नाही. संगणकावर काम करीत असाल तर इमारत, खांब, जलकुंभ यांची बाह्यरेषा वेगळी काढून ती पायाइतकीच स्पष्ट ठेवावी. नाही तर मुळात अशी जागा निवडावी जेथे मध्ये उंच काही नाही.

या दृष्टीने धुळे फार सोयीचे. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने येथे जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा, १८१९ साली, गावाची वस्ती होती अवघी २,५०९ आणि घरे ४०१. पुढे नवी पेठ आखीव वसली. तिच्या सरळ गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक पडले. आजही आपण पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असेच सांगतो. सरळ गल्ली, दुतर्फा सारख्या उंचीची घरे, मध्ये माणसांची ये-जा: कोणी मुद्दाम प्रतिकृती बनवावयास बसला तर याहून वेगळे काय बनवील? तीन मजली गच्ची पुरे. कॅमेरा तीस ते पंचेचाळीस अंशांनी खाली वळवावा आणि आकाशाला चित्रात अजिबात जागा देऊ नये. क्षितिज दिसले की शहराला त्याची खरी उंची परत मिळते.

पाच कंदील भागात बाजाराच्या दिवशी वरून पाहिले तर छत्र्या आणि ताडपत्र्याच इतक्या दिसतात की माणसे सापडत नाहीत. तेथे माझा प्रयत्न फसला. लळिंगच्या किल्ल्यावरून खाली मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक दिसतात ते कोणतीही युक्ती न करता खेळण्यांसारखे दिसतात, असे वाटते खरे. पण छायाचित्रात तसे उतरत नाहीत. कारण आपल्या खानदेशातली हवा. मार्चनंतर धूळ आणि तापलेल्या जमिनीवरची झळ यांनी दूरचे सारे फिके, निळसर होते. आणि हा फिकेपणाही अंतराची मापपट्टीच आहे. टेबलावरच्या खेळण्यात आणि डोळ्यात कधी धुके येत नाही. म्हणून पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, भाद्रपद-आश्विनात, दुपारी अकरा-बाराच्या लख्ख उन्हात हे काम करावे. एरवी छायाचित्रकार भर दुपार टाळतो. येथे तीच हवी, कारण सावल्या आखूड व धारदार पडतात आणि रंग रंगविल्यासारखे उठतात. जळगावात उंच इमारतींची कमतरता नाही, पण वर जाण्यास परवानगी लागते. एका इमारतीच्या पहारेकऱ्याने मला दोनदा परत पाठविले, आणि खरे सांगायचे तर कॅमेरा घेऊन गच्चीवर जाऊ पाहणाऱ्या अनोळखी पोराला मीही सोडले नसते.

आता आप्पांचा प्रश्न. ते चित्राच्या सर्वांत स्पष्ट भागात असूनही त्यांना स्वतःला सापडले नाहीत, हे कसे? आधी मला वाटले, चष्मा नसेल. मग दुसऱ्या चार जणांना ते चित्र दाखविले. सर्वांनी गाडी पाहिली, केळी पाहिली, "बाहुली किती छान केलीय" म्हणाले. कोणीही "हे आप्पा" म्हणाले नाही. यातले दोघे त्यांच्याकडून रोज केळी घेतात. एकदा मनाने हे खेळणे आहे असा निर्णय दिला की त्यात ओळखीचा माणूस शोधण्याचे कामच ते थांबविते. बाहुलीला नाव कोण विचारतो? तिचे दुखणारे गुडघे, गाडीचे हप्ते, पोरीचे लग्न, हे काही तिला असूच शकत नाही.

मला हे खटकले, आणि अजून खटकते. बार्बिएरीची चित्रे मला आवडतात. ज्या महानगरांचा अतिपरिचयाने दरारा वाटतो त्यांना तो एका फटक्यात हलके करतो. रोमचे कलोसियम तळहातावर ठेवावे असे दिसले तर बिघडत नाही. पण धुळे-जळगावचा दरारा कोणाला आहे? आमच्या गावांकडे मोठ्या शहरांतले लोक आधीच उंचावरून पाहतात. त्यात आपणही कुंभकर्णाचा डोळा लावून आपल्याच गल्लीकडे पाहावे, हे कितपत बरे? आमच्या एका प्राध्यापकांना मी असे म्हटले तेव्हा ते म्हणाले की एवढा विचार केला तर नकाशाही काढता येणार नाही. त्यातही माणसे दिसत नाहीत. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. तरी नकाशा कोणी आप्पांना हातात देऊन "हा तुमचा फोटो" म्हणत नाही.

पुढे जानेवारीत मी पुन्हा प्रयत्न केला. गच्चीऐवजी समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसलो. कोन उतरला, आप्पांचा चेहरा दिसू लागला. धूसरपणा ठेवला, पण वर-खाली पट्टे ओढून नव्हे. गाडीच्या मागची गर्दी आणि पुढचा रस्ता थोडा थोडा विरघळू दिला. खेळणे नाहीसे झाले. चित्र म्हणून ते पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मला मान्य आहे. मित्रांनी तर त्याकडे पाहिलेही नाही. आप्पांनी मात्र ते पाहिले, गाडीच्या लाकडी पेटीत वजनांखाली ठेवले आणि पहिले चित्र नातवाला खेळायला दिले.

मूस यांनी जे केले ते या दोन चित्रांच्या मध्ये कुठे तरी उत्तर म्हणून मला दिसते. टेबलावरच्या बोटभर बाहुलीसाठी ते तिच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत वाकले आणि तिच्या मागचा डोंगर तिच्याइतकाच स्पष्ट राहील यासाठी झगडले. त्यांचा बंगला व त्यातील कलाकृती चाळीसगावात जतन केलेल्या आहेत. धुळेकरांना शाखा लाईनची गाडी थेट चाळीसगावला सोडते, जळगावकरांना मुंबईकडे जाणारी कोणतीही थांबणारी गाडी चालते. स्थानकापासून बंगला जवळच आहे. गेलात तर टेबल-टॉप छायाचित्रांपुढे जरा अधिक वेळ उभे राहा. आधी चित्राच्या खालच्या कडेकडे पाहा, मग सर्वांत दूरच्या वस्तूकडे. कोणत्या ठिकाणी स्पष्टता किंचित ढळते ते शोधा. नंतर सावल्या एकमेकींना समांतर आहेत का ते पाहा. शक्य झाल्यास बरोबर एक भिंग न्यावे.